पडणारे विमान आणि हसण्याचा अधिकार

मराठी भाषेत विमान हे मुळात वर जाणारे वाहन आहे. तुकोबांना न्यायला आलेले वैकुंठीचे विमान पुढे कोठे उतरले याची विचारपूस कोणी केली नाही, आणि पुष्पक विमानाला उतरताना काही अडचण आल्याचे रामकथेत ऐकिवात नाही. शब्दाच्या या पूर्वपुण्याईचा परिणाम असा झाला, की विसाव्या शतकात विमाने खरोखरीच आकाशात दिसू लागली आणि अधूनमधून खाली येऊन आदळू लागली, तेव्हा त्या घटनेसाठी आपल्याजवळ वृत्तपत्रीय गद्याखेरीज भाषाच नव्हती. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवले, ते दीड हजार फूट वर गेले आणि कोसळले, ही आख्यायिका मराठी घरांत अजून सांगितली जाते. तिला आधार तोकडा आहे. ज्या 'वैमानिक शास्त्रा'च्या बळावर ती पुढे फुगवली गेली, त्यातील विमाने उडण्यास असमर्थ असल्याचा निर्वाळा बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ साली दिला. परंतु आख्यायिका खरी की खोटी हा येथील प्रश्न नाही. सांगणाऱ्याचा सगळा जीव उड्डाणात असतो आणि 'कोसळले' हे क्रियापद वाक्याच्या शेवटी, आवाज खाली आणून उरकले जाते, हे लक्षात घेण्यासारखे आहे. आपल्या पहिल्या विमानकथेत अपघात आहे, पण त्याच्याकडे पाहणारी नजर नाही.

लष्करी विमानांचे अपघात आणि त्यांच्याभोवती जमणारा काळा विनोद हा विषय म्हणूनच मराठी समीक्षेला परका वाटण्याचा संभव आहे. तो तसा नाही, हे दाखवण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. विनोद कोणी करावा, कोणाविषयी करावा आणि कोणत्या क्षणी तो थांबावा, हे प्रश्न आपल्या विनोदी वाङ्मयालाही पडलेले आहेत. फक्त त्यांची कसोटी इतक्या उंचीवरून लागलेली नाही.

दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश हवाई दलापासून सुरुवात करणे सोयीचे होईल. एप्रिल १९४१ पासून त्या दलाच्या प्रशिक्षण विभागाने 'टी एम्' नावाचे एक मासिक वैमानिकांसाठी चालवले. मजकूर अँथनी आर्मस्ट्राँग यांचा, चित्रे बिल हूपर यांची. या मासिकाचा नायक पायलट ऑफिसर प्रून हा सर्वगुणविहीन वैमानिक होता. चाके बाहेर न काढता उतरणे, इंधनाचा काटा न पाहता निघणे, जमीन आपल्या अपेक्षेपेक्षा जवळ आहे हे जमिनीकडूनच समजणे, या त्याच्या नित्याच्या लीला. प्रूनच्या तोडीचा मूर्खपणा ज्यांच्या हातून प्रत्यक्षात घडे, त्यांना या मासिकातून 'न निघणाऱ्या बोटा'चा अत्यंत अवमानकारक किताब दिला जाई. ज्या विनोदामागे सरकारी छापखाना आहे तो सहसा हसवत नाही. हा हसवत असे, आणि त्याचे कारण त्याच्या उपयोगात होते. प्रूनला हसणारा तरुण उद्या सकाळी स्वतः विमानात बसणार होता. वाचक आणि विनोदाचा विषय यांच्यात एका रात्रीचे अंतर होते. काळ्या विनोदाची ही पहिली आणि सर्वांत निर्मळ अवस्था म्हणता येईल: ज्याच्या मानेवर सुरी आहे तोच हसतो आहे.

त्याच वर्षी ईस्ट ग्रिनस्टेड येथील रुग्णालयात आणखी एक गोष्ट घडली. जळालेल्या विमानांतून बाहेर काढलेल्या वैमानिकांच्या चेहऱ्यांवर आणि हातांवर आर्चिबाल्ड मॅकिंडो हे शल्यविशारद नव्या पद्धतीने त्वचारोपण करीत होते. रुग्णांनी आपली एक संघटना काढली आणि तिला नाव दिले 'गिनीपिग क्लब'. युद्ध संपेपर्यंत तिचे सभासद सहाशेहून अधिक झाले होते. खजिनदार म्हणून ज्याचे पाय भाजले आहेत असा मनुष्य निवडला, कारण तो पैसे घेऊन पळणार नाही. चिटणीस म्हणून ज्याची बोटे भाजली आहेत असा निवडला, कारण तो सभेचे इतिवृत्त लांबवणार नाही. या दोन नेमणुकांत जितके साहित्य आहे तितके युद्धावरील कित्येक कादंबऱ्यांत नसेल. हा विनोद बाहेरच्या माणसाने केला असता तर तो नीचपणा ठरला असता. वॉर्डातल्या खाटेवरून तो केला गेला म्हणून तो सभ्यतेच्याही पलीकडचा झाला.

विमान पडण्यापेक्षा ते आपटत उतरणे वाङ्मयाला अधिक अवघड जाते. पडण्यात निदान शोकांतिकेचा आकार असतो. आपटून उतरण्यात फक्त चूक असते, आणि चुकीला रस नसतो. रोआल्ड डाल यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. सप्टेंबर १९४० मध्ये पश्चिम वाळवंटात त्यांचे ग्लॅडिएटर विमान ठरलेली धावपट्टी न सापडल्यामुळे अंधार पडता पडता वाळूत उतरवावे लागले. ते आदळले, पेटले, डाल यांची कवटी फुटली. शत्रूचा या साऱ्याशी संबंध नव्हता. १९४२ साली अमेरिकेतील 'सॅटर्डे ईव्हिनिंग पोस्ट'मध्ये हा अनुभव कथारूपाने आला तेव्हा मात्र शीर्षकातच विमान लिबियावर पाडले गेले होते. पुढील वर्षी डाल यांनी 'ग्रेमलिन्स' हे पुस्तक लिहिले. विमानाचे पंख कुरतडणारी, तारा सोडवणारी ही खट्याळ भुते हवाई दलातील तोंडी परंपरेची निर्मिती. एकीकडे अपघाताला शत्रू मिळवून दिला, दुसरीकडे भूत. मनुष्याला विनाकारण मरण सोसवत नाही, कारणाची जागा रिकामी राहिली की तो तेथे काहीतरी बसवतो. हे सूत्र पुढे पुन्हा लागेल.

मात्र हसणारा आणि मरणारा वेगळे झाले की विनोदाचा रंग बदलतो. पश्चिम जर्मनीने लॉकहीड कंपनीची ९१६ स्टारफायटर विमाने घेतली. त्यांतील २९२ अपघातांत नष्ट झाली आणि ११६ वैमानिक मृत्युमुखी पडले. या काळात जर्मनीत एक विनोद घरोघर सांगितला जाई. स्टारफायटर विमान हवे असेल तर काय करावे? थोडी जमीन विकत घ्यावी आणि वाट पाहावी. विनोद म्हणून हा निर्दोष आहे. त्यात करदात्याची चीड आहे, मंत्रालयाची फजिती आहे, आणि एकाही मृताचे नाव नाही. रॉबर्ट कॅल्व्हर्ट या इंग्लंडमधील कवी-गायकाने १९७४ साली याच प्रकरणावर प्रहसने आणि गाणी यांची एक ध्वनिमुद्रिका काढली. त्याच देशात या गोष्टीचा दुसरा भागही घडला. कायउवे फॉन हासेल हे १९६३ ते १९६६ या काळात, म्हणजे अपघातांचे प्रकरण ऐन भरात असताना, तेथील संरक्षणमंत्री होते. मार्च १९७० मध्ये त्यांचा मुलगा योआखिम स्टारफायटर चालवताना मरण पावला. यावर एखादा उपरोधकार हात चोळत पुढे येईल अशी अपेक्षा कोणी केली तर ती चुकीची आहे. येथे उपरोध घटनेनेच पूर्ण करून ठेवला आहे. लेखकाने त्यात एक शब्द घातला तरी तो जास्त होईल.

काळ्या विनोदाला या कात्रीतून बाहेर काढण्याचे श्रेय जोसेफ हेलर यांच्या 'कॅच-२२'ला (१९६१) द्यावे लागते. हेलर स्वतः भूमध्य समुद्राच्या आघाडीवर बाँबफेकीच्या ६० मोहिमांवर गेले होते, तेव्हा खाटेवरून बोलण्याचा हक्क त्यांना होताच. परंतु त्यांनी वैमानिकाला सोडून कागदाला विनोदाचा विषय केले. मॅकवॉटचे विमान डोंगरावर आदळते. त्या विमानातील माणसांच्या यादीत डॉक्टर डनीका यांचे नाव आहे. प्रत्यक्षात डॉक्टर खाली, सर्वांच्या शेजारी उभे राहून विमानाकडे पाहत आहेत. तरीही यादीप्रमाणे ते मेले. मग त्यांचा भत्ता बंद, औषध बंद, घरी पत्नीला विम्याचे पैसे, आणि सांत्वनाचे एक छापील पत्र, ज्यात मृताशी असलेले सगळे संभाव्य नाते एकाच वाक्यात बसवलेले. पत्नीने रडावे की आनंदावे हेही त्या पत्राने तिच्यावर सोपवलेले नाही.

मराठी वाचकाला येथे सतीश आळेकरांचे 'महानिर्वाण' (१९७४) आठवल्याशिवाय राहणार नाही. डनीका जिवंत असून कागदोपत्री मेलेले, भाऊराव मेलेले असून कीर्तन करीत बोलणारे. डनीकांना जगू न देणारी लष्कराची नोंदवही, भाऊरावांना नीट मरू न देणारी जुन्या स्मशानाची आणि चाळीची व्यवस्था. दोन्हीकडे मृत्यू बाजूलाच राहतो आणि त्याचे सोपस्कार पुढे येतात. आळेकरांनी कीर्तनासारखा भक्तीचा साज या कामाला जुंपला हे धाडस मोठे होते. मराठी माणूस घरातल्या प्रेताला हसू शकतो हे त्यांनी दाखवले. अर्थात भाऊराव चाळीतले होते. त्यांच्या अंगावर गणवेश असता तर हे नाटक लिहिले गेले असते काय, असा प्रश्न विचारून पाहावा. माझे उत्तर नकारार्थी आहे. गणवेशातील मृत्यू आपल्याकडे पोवाड्याच्या ताब्यात आहे, आणि पोवाड्याला शत्रू लागतो. सरावाच्या उड्डाणात, शांततेच्या काळात, आपल्याच धावपट्टीच्या टोकाशी मेलेल्या मुलाचे काय करावे हे पोवाड्याला कळत नाही.

अपघाताला हसण्याची परंपरा मराठीत नाही असे मात्र म्हणता येणार नाही. पु. ल. देशपांडे यांची 'म्हैस' हे तिचे शिखर. एस. टी. म्हशीला धडकते आणि रस्त्यावर जत्रा भरते: प्रवासी, पुढारी, पोलीस, पंचनामा. अपघाताची मूळ घटना एका क्षणाची, आणि पंचनामा अनंत काळाचा. आपल्या प्रशासनाची भाषा घटनेला कशी गिळते याचे इतके अचूक चित्रण अन्यत्र क्वचितच झाले असेल. पण हा विनोद शक्य झाला कारण धडक म्हशीला बसली. म्हशीच्या मालकाचे नुकसानही हास्याच्या लाटेखाली कोठेतरी जाते, आणि ते जाणवण्याची सोय वाचकाला फारशी नाही. पंचनाम्याच्या जागी हवाई दलाची 'कोर्ट ऑफ इन्क्वायरी' आणि म्हशीच्या जागी पंचविशीतला वैमानिक ठेवला, तर तीच तंत्रे हातात असूनही हसू घशात अडकते. 'विमान नेहमीच्या सरावउड्डाणावर होते. चौकशीचा आदेश देण्यात आला आहे' हे वाक्य गेली कित्येक दशके आपल्या वृत्तपत्रांत जसेच्या तसे येत आहे. फक्त ठिकाण बदलते. हेलरच्या छापील पत्राचा हा आपला देशी अवतार. त्याला लेखक नाही, म्हणून त्यातला विनोद कोणाच्या नावावर मांडता येत नाही.

मिग-२१ हे विमान भारतीय हवाई दलात १९६३ साली आले आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगड येथे समारंभपूर्वक निवृत्त झाले. मधल्या काळात त्याला 'उडती शवपेटी' हे नाव पडले. मे २०१२ मध्ये तत्कालीन संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत दिलेली माहिती अशी, की विविध प्रकारच्या ८७२ मिग विमानांपैकी ४८२ अपघातग्रस्त झाली होती आणि त्यांत १७१ वैमानिक व ३९ नागरिक मरण पावले होते. 'उडती शवपेटी' हा मराठी वृत्तपत्रांनी पूर्णपणे पचवलेला एकमेव वैमानिकी काळा विनोद. तो इतका पचला, की त्यातले काळेपण आणि विनोद दोन्ही गेले. रूपक मेले आणि विशेषण उरले. निवृत्तीच्या दिवशी एकाच लेखात 'वैभवशाली कारकीर्द' आणि 'उडती शवपेटी' हे शब्द एकमेकांशेजारी निमूट बसलेले दिसले, आणि संपादकाला त्यात काही वावगे वाटले नाही.

या नावाला ज्यांनी पुन्हा अर्थ दिला त्यांत एका मराठी कुटुंबाचा उल्लेख अपरिहार्य आहे. १७ सप्टेंबर २००१ रोजी राजस्थानातील सुरतगड येथून रात्रीच्या वेळी उडालेले मिग-२१ कोसळून फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ मरण पावले. दोष वैमानिकाकडे जातो हे त्यांच्या आई कविता गाडगीळ यांनी मान्य केले नाही. पुढे कित्येक वर्षे त्या या विमानांच्या अवस्थेविषयी जाहीरपणे बोलत राहिल्या. 'वैमानिकाची चूक' या दोन शब्दांचे वाङ्मयीन कार्य येथे तपासण्यासारखे आहे. डाल यांच्या कथेत अपघाताच्या रिकाम्या जागी शत्रू बसवला गेला, ब्रिटिश वैमानिकांनी ग्रेमलिन बसवला. चौकशीच्या अहवालात त्याच जागी मृत वैमानिक स्वतः बसवला जातो. प्रूनच्या चुकीला हसणे आणि मृताच्या चुकीची नोंद करणे या दोन क्रियांमध्ये शब्द तेच असतात, पण प्रून पुढच्या अंकात परत येतो. मृताला उत्तर देता येत नाही म्हणून त्याची आई उत्तर देते, आणि तिच्या भाषेत विनोदाला थारा असणे शक्य नाही. काळ्या विनोदाचा अधिकार मरणाऱ्याला आहे असे वर म्हटले. मागे राहिलेल्यांना तो वारशाने मिळत नाही.

'रंग दे बसंती' (२००६) हा चित्रपट आला तेव्हा त्यातील आई आणि कविता गाडगीळ यांच्यातील साम्य अनेकांनी बोलून दाखवले. चित्रपटाचा पूर्वार्ध हास्याने भरलेला आहे. त्याचा काही भाग जयपूरच्या नाहरगडावर चित्रित झाला. विमान पडताच ते हास्य थांबते, आणि दिग्दर्शक राकेश ओमप्रकाश मेहरा त्याच्या जागी क्रांतिकारकांचा इतिहास आणून ठेवतात. शत्रू नसलेल्या मृत्यूला शत्रू मिळावा म्हणून एक भ्रष्ट संरक्षणमंत्री निर्माण केला जातो आणि त्याला गोळी घातली जाते. प्रेक्षकाला यामुळे मोकळे वाटते, हे खरेच. पण हा मोकळेपणा पोवाड्याचा आहे. सदोष सुटा भाग, उशिरा आलेले प्रशिक्षण-विमान, फाईलवरची सही, यांना गोळी घालता येत नाही, आणि हेलरचे सामर्थ्य नेमके तेथे होते. चित्रपटाने पूर्वार्धातील हसण्याची ताकद उत्तरार्धात कागदाकडे वळवली असती तर हिंदी चित्रपटाला एक दुर्मीळ कलाकृती मिळाली असती.

जयपूरच्या मुरलीपुरा भागातून हीच नाहरगडाची डोंगररांग पूर्वेकडे दिसते, आणि जवळून जाणारा सीकर रस्ता उत्तरेकडे शेखावाटीत शिरतो. सीकर आणि झुंझुनू या जिल्ह्यांतील गावांच्या वेशींवर मृत सैनिकांचे पुतळे उभे आहेत: गणवेश, बंदूक, ताठ मान, खाली लढाईचे नाव. हे पुतळे पाहणाऱ्याला विमान-अपघाताच्या वाङ्मयीन अडचणीचा उलगडा होतो. पुतळ्याखाली लढाईचे नाव लागते. चूरू जिल्ह्यातील भानोदा गावाजवळ ९ जुलै २०२५ रोजी जॅग्वार विमान पडून दोन वैमानिक गेले, त्या घटनेला लढाईचे नाव कोठून आणायचे?

याच राजस्थानात हनुमानगड जिल्ह्यातील बहलोलनगर येथे ८ मे २०२३ रोजी सुरतगडहून निघालेले मिग-२१ एका घरावर पडले. वैमानिक हवाई छत्रीने सुखरूप उतरला; घरातील तीन स्त्रिया मेल्या. जर्मनांच्या विनोदाची येथे अक्षरशः पूर्तता झाली. जमीन होती, वाट पाहिली नव्हती, विमान आले. स्टारफायटरचा विनोद निर्दोष होता असे मी वर लिहिले ते त्यात मृताचे नाव नव्हते म्हणून. बहलोलनगरनंतर तोच विनोद वाचताना जाणवते, की जमिनीचा मालक हा त्यात गंमत म्हणून आलेला मनुष्य होता. तो घरात असेल, चुलीपाशी असेल, ही शक्यता विनोदाच्या रचनेनेच बाहेर ठेवली होती. विनोदाचे गणित बरोबर असण्यासाठी कोणाला तरी हिशोबाबाहेर ठेवावे लागते, आणि समीक्षेने विनोदाच्या चातुर्याइतकीच त्या वगळलेल्या माणसाची दखल घेतली पाहिजे. 'म्हशी'च्या मालकाकडेही त्या नजरेने पुन्हा एकदा पाहता येईल.

महाराष्ट्राच्या वाट्याला या कथेचा एक वेगळाच भाग आला आहे आणि तो अजून लिहिला गेलेला नाही. नाशिकजवळ ओझर येथे मिग विमानांच्या बांधणीसाठी हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६४ मध्ये उभा राहिला. निफाड-दिंडोरीच्या गावांतील माणसे तेथे कामाला लागली. एका पिढीने सकाळी द्राक्षाच्या बागेला पाणी दिले आणि पाळीला जाऊन लढाऊ विमानाचे रिबीट बसवले. पुढे सुखोई विमाने त्याच शिवारात पडली, २७ जून २०१८ रोजी आणि पुन्हा ४ जून २०२४ रोजी, दोन्ही वेळा निफाड तालुक्यात आणि दोन्ही वेळा वैमानिक बचावले. आपण जोडलेली वस्तू आपल्याच शेजाऱ्याच्या रानात आकाशातून परत आलेली पाहणारा कामगार, पंचनाम्याला आलेला तलाठी, मोडलेल्या पिकाची भरपाई मागणारा शेतकरी आणि गावकऱ्यांना मागे हटवणारे हवाई दलाचे जवान: 'म्हैस' आणि 'कॅच-२२' यांच्या मधोमध हे दृश्य उभे आहे. प्राण कोणाचा गेलेला नाही, तेव्हा हसायला पुलंची परवानगी आहे. सुरतगडची रात्र माहीत आहे, तेव्हा ते हसू किती वेळ टिकवायचे हे लेखकाला ठरवावे लागेल. ग्रामीण कथेने ट्रॅक्टर, वीज, साखर कारखाना हे सगळे आपलेसे केले. लढाऊ विमान तिच्या शिवारात दोनदा येऊन पडले आहे.